माडग्याळ घ्यावी की नारी सुवर्णा?

मेंढ्या मटणासाठीच आणि त्याही अर्धबंदिस्त पाळायच्या, एवढं ठरलं असेल तर आमच्या सांगली-साताऱ्याकडे प्रश्न शेवटी मेंढ्यांच्या या दोन जातींवर येऊन थांबतो. मी दोन्ही एकाच वाड्यात सांभाळल्यात.

दिसायला जतची माडग्याळ उजवी, यात वादच नाही. उंच टांगा, पांढऱ्यावर तांबूस ठिपके, बाकदार नाक. कोकराला कोकरू लावून पाहिलं तर सुवर्णाचं तिच्या पासंगालाही पुरत नाही. कोकरू मात्र बहुधा एकच.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या छोट्याशा गॅरोल मेंढीचं जुळं देणारं जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं, तीच नारी सुवर्णा. जनुकाची एक प्रत असलेल्या मादीला बरेचदा जुळी होतात. दोन प्रती असतील तर तिळ्यांची शक्यता वाढते, आणि तिळं म्हटलं की बाटलीनं दूध पाजायला रात्री उठणं आलं. दोन प्रतींचा नर घरच्या साध्या दख्खनी माद्यांवर सोडावा. होणाऱ्या प्रत्येक मादीत एक प्रत येतेच. मला तेवढी पुरते.

माझा निर्णय मात्र जुळ्यांवर झाला नाही, नाकावर झाला. माडग्याळचं कोकरू विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी नाक बघतं. बाक कमी? भाव खाली. ठिपके मनासारखे नाहीत? आणखी खाली. चांगलं भरलेलं कोकरू, पण बोलणं सगळं तोंडावळ्याचं! जत-आटपाडीकडं नराला लाखांची बोली लागते खरी, पण तो हौशी पैदासकारांचा खेळ. रश्श्यात नाक कोण शोधतो?

सुवर्णाच्या वाट्याला असलं कौतुक येत नाही. व्यापारी येतो, कण्यावरून हात फिरवतो, काट्यावर घालतो. घासाघीस होते ती किलोच्या दराची.

घरात रानोमाळ हिंडणारा माणूस असेल, मेंढा मिरवायची आवड असेल, तर माडग्याळच बरी. तुमचं गणित वेगळं असू शकतं. चारा विकतचा असेल तर मात्र एका कोकरासाठी वर्षभर मेंढी पोसणं मला तरी जड गेलं. सुवर्णा घेतलीत तर गाभणीचा शेवटचा दीड महिना खुराक वाढवा, नाहीतर दुसरं कोकरू अशक्त निघतं. आणि नर घेताना जनुक-चाचणीचा कागद मागा. ‘जुळ्यातलाच आहे’ या तोंडी हवाल्यावर पैसे मोजू नका.