स्नायडर, मार्टिनी की गहेंद्र? पहिली जुनी लष्करी रायफल घेताना

संग्रहातली पहिली लष्करी रायफल एकोणिसाव्या शतकातली आणि हिंदुस्थानच्या इतिहासाशी नातं असलेली हवी, असं ठरवलं की बहुतेकांचं मन दोन नावांपाशी घोटाळतं: स्नायडर-एन्फिल्ड आणि मार्टिनी-हेन्री. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी माणसापुढे तिसरं नावही येतं, नेपाळची गहेंद्र. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, राणा पंतप्रधानांच्या काळापासून पडून असलेला शस्त्रसाठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि तेव्हापासून या तिन्ही जाती तिकडच्या बाजारात मोठ्या संख्येने दिसू लागल्या. माझं मत आधीच सांगतो. नवख्याने स्नायडर घ्यावी, कारण तिचं खरंखोटं बरंचसं बाहेरूनच वाचता येतं.

स्नायडर आणि मार्टिनी यांतला फरक लांबूनही ओळखू येतो. स्नायडरला उजव्या अंगाला मोठा घोडा असतो आणि नळीच्या मागच्या टोकाशी उजवीकडे उघडणारं बिजागरीचं झाकण असतं. मार्टिनीला बाहेर घोडाच नसतो. तिच्या चापामागे एक लांब दांडी असते; ती खाली ओढली की आतला ठोकळा झुकतो आणि काडतुसाची वाट मोकळी होते. तरीही शंका राहिली तर नळीच्या तोंडाशी माप घ्यावं. स्नायडरची नळी .५७७ इंची, म्हणजे साधारण साडेचौदा मिलिमीटर, मार्टिनीची .४५ इंची, साडेअकराच्या आसपास. मग बॅटरी धरून आटे, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचा, मोजाव्यात. मार्टिनी-हेन्रीला सात असतात, लांब नळीच्या स्नायडरला तीन.

स्नायडर मुळात ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक. जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला, त्याच १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्डची नळी मागून कापून जेकब स्नायडर या अमेरिकी माणसाची युक्ती १८६६ पासून तिच्यावर बसवली गेली. इथेच नवखा माणूस फसतो. घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट, ‘व्ही.आर.’ (व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं) आणि १८६१ किंवा १८६२ असं साल दिसतं, आणि स्नायडर तर १८६६ ची, म्हणजे माल बनावट, असं त्याला वाटतं. तसं नसतं. ते साल मूळ ठासणीच्या बंदुकीचं, आणि पहिल्या दोन मार्कांच्या, म्हणजे आवृत्त्यांच्या, रायफलींवर ते अगदी स्वाभाविक आहे. मार्क तीनची गोष्ट वेगळी. झाकण घट्ट बसवणारा खटका तिच्यावर आला आणि ती साधारणपणे नव्यानेच घडवलेली असते. नळीवर ‘स्टील’ असा छापही मिळतो. मार्क तीनवर १८६० सालच्या आसपासची पट्टी दिसली, तर तुकडे जोडून रायफल उभी केली आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावं. पट्टीवर ‘टॉवर’ असेल तर काम खासगी कारागिरांचं, ‘एन्फिल्ड’ असेल तर सरकारी कारखान्याचं. रुंद बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण; त्याखाली ‘आय’ अक्षर म्हणजे हिंदुस्थान खात्याचा माल, आणि तोंडाला तोंड लावलेले दोन बाण म्हणजे सरकारने विकून टाकलेला.

या रायफलीला इतिहासाचं वजनही आहे. उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती मुद्दाम आटे नसलेली, लांबवर नेम न धरणारी १८५८ च्या नमुन्याची बंदूक दिली गेली. पुढेही गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाल्यावर हिंदी पलटणींच्या वाट्याला स्नायडर आली. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या, तर शेजारी लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्स रायफल्सकडे स्नायडर. स्नायडर हातात घेतली की हा भेदभाव आठवल्याशिवाय राहत नाही, आणि माझ्यासाठी तरी तो संग्रहाचा खरा अर्थ आहे.

मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये स्वीकारली गेली. देखणी, मजबूत, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या १८७९ च्या झुलू युद्धामुळे सगळ्यांना हवीहवीशी. तिची खूण एकाच जागी मिळते: उजव्या अंगाला, यंत्राच्या पेटीवर मुकुट, ‘व्ही.आर.’, कारखाना, साल आणि मार्क. मार्क चारची दांडी लांब असते. पातळ पितळी पत्र्याची काडतुसं तापलेल्या, काजळलेल्या नळीत अडकत आणि ती ओढून काढायला जास्त जोर लागे, म्हणून दांडी वाढवली. मार्टिनीची खूण वाचायला सोपी, म्हणून नकल करायलाही सोपी. खैबर खिंडीच्या परिसरातल्या, दर्रा आदमखेलसारख्या गावांतल्या कारागिरांनी मार्टिनी हातोडी-कानशीने घडवल्या आणि त्यांवर इंग्रजी छापही ठोकले. ‘एन्फिल्ड’ची अक्षरं चुकलेली, ‘एन’ उलटा, ओळ वाकडी. सगळ्यात पक्का पुरावा सालाचा: व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तेव्हा ‘व्ही.आर.’खाली १९०५ असेल तर ती एन्फिल्डची नाही. अशी नकल संग्रहात ठेवण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त ती नकल म्हणून आणि नकलेच्या भावात घ्यावी.

गहेंद्र बाहेरून मार्टिनीसारखीच दिसते. जनरल गहेंद्र शमशेर राणा यांनी ती नेपाळात घडवून घेतली. तिच्या आतलं यंत्र मात्र वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज बंदूक-कारखान्याच्या धाटणीचं, आणि सगळं हातकाम असल्याने एकीचा सुटा भाग दुसरीला बसेलच असं नाही. ब्रिटिश मार्टिनीपेक्षा ती सहसा स्वस्त मिळते. आणि आपल्याला एक मोठी सोय आहे, तिच्यावरचे छाप देवनागरीत असतात. युरोपियन संग्राहक ज्या खुणांचे फोटो काढून अर्थ विचारत फिरतात, त्या आपण सरळ वाचतो. ‘श्री ३’ म्हणजे राणा पंतप्रधान, ‘श्री ५’ म्हणजे राजा. सालाला मात्र जपावं. छापावर १९४५ असेल तर ते विक्रम संवत असण्याचीच शक्यता जास्त. सत्तावन्न वजा केले की १८८८ येतं. काही अंकांचं जुनं वळणही आपल्या छापील अंकांहून वेगळं असतं, तेव्हा घाईने वाचू नये.

आता कायदा, कारण निवड शेवटी तिथेच अडते. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघीय कायद्याने ‘अँटिक’ धरली जाते. राज्यांचे नियम वेगळे पाहावेत. इंग्लंडात शोभेची जुनी वस्तू म्हणून ठेवताना काडतुसाचं माप महत्त्वाचं: ते कालबाह्य मानलेलं असावं लागतं. म्हणून मार्टिनी घेताना नळी कोणत्या मापाची हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत: कित्येक मार्टिनींना पुढे .३०३ ची नळी बसवली गेली, आणि ते माप कालबाह्य मानलं जात नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट शस्त्रांना सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशालाच. वाड्याच्या माळ्यावर सापडलेली स्नायडर कितीही गंजलेली असली, तरी ‘जुनी आहे, चालतं’ असं समजून घरी ठेवू नये. परवाना विभागाकडे विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी न्यायची तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही आडवा येतो.

कोणतीही निवडा, हातात घेतल्यावर आधी नळी रिकामी आहे का ते पाहा. त्यातही स्नायडर न केलेली, ठासणीचीच बंदूक हाती आली, तर तिच्यात शे-दीडशे वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. गज आत सोडून तो किती खोल जातो ते बाहेरून नळीला लावून बघा. तो तळापर्यंत पोचला नाही तर बंदूक तिथेच खाली ठेवा आणि जाणकाराला बोलवा.