एक पर्सनल स्टेटमेंट, पाच अर्ज: आर्किटेक्चर, डिझाइन आणि इंजिनिअरिंगसाठी यूकॅस वापरल्यानंतर

इंग्लंडमधल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक प्रश्न येतो: मुलाला आर्किटेक्चरही आवडतं आणि इंजिनिअरिंगही, विद्यापीठाच्या अर्जातलं पर्सनल स्टेटमेंट (हा विषय का शिकायचाय ते सांगणारं लिखाण) मात्र एकच लिहायचं, मग करायचं काय? माझ्या लेकीने 2026 च्या प्रवेशासाठी याच पेचातून अर्ज भरला. आता ऑफर हातात आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. उत्तर हवं असेल तर आधीच सांगते: एका स्टेटमेंटमध्ये हे जमतं, पण पाचही कोर्स एकमेकांच्या शेजारचे असतील तरच. नुसतं आर्किटेक्चर आणि नुसतं मेकॅनिकल इंजिनिअरिंग एकाच अर्जात कोंबलं, तर दोन्हीकडे अर्धवट दिसतं.

ज्यांना यूकॅस नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये पदवीसाठी एकच सामाईक अर्ज, त्यात जास्तीत जास्त पाच कोर्स निवडता येतात. पाचही ठिकाणी तेच स्टेटमेंट जातं आणि शाळेचं शिफारसपत्रही तेच. आपण आणखी कुठे अर्ज केलाय, हे ऑफरना उत्तर देईपर्यंत कुठल्याच विद्यापीठाला दिसत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलवाल्यांची मुदत 15 ऑक्टोबर, बाकी बहुतेकांची 2026 च्या प्रवेशासाठी 14 जानेवारी होती. शाळा मात्र त्याच्या कितीतरी आधीची स्वतःची तारीख लावतात, आणि खरी तारीख तीच धरायची.

2026 च्या प्रवेशापासून मोठा बदल झाला. पूर्वी एक सलग निबंध असायचा, आता तीन प्रश्न आहेत. हा विषय का शिकायचाय, शाळेतल्या अभ्यासाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून जास्तीत जास्त 4000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं. मोठ्या भावंडाचं जुनं स्टेटमेंट समोर ठेवून लिहिणाऱ्यांची यामुळे थोडी पंचाईत झाली. आमच्यासारख्या मिश्र यादीवाल्यांना मात्र हा बदल मानवला. सलग निबंधात पहिल्याच परिच्छेदात 'मी अमुक होणार' असं ठासून सांगावंसं वाटतं आणि तिथेच एक विषय जिंकून बाकीचे हरतात. तीन प्रश्नांमुळे 'का' पहिल्याच चौकटीत मावतं आणि पुढची जागा केलेल्या कामासाठी उरते.

सुरुवातीची यादी बघून माझं डोकं गरगरलं होतं: आर्किटेक्चर, मेकॅनिकल, ग्राफिक डिझाइन, प्रॉडक्ट डिझाइन, सगळंच. सिक्स्थ फॉर्मच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या) शिक्षिकेने तिला एवढंच विचारलं की या सगळ्यांत तू स्वतः काय करताना दिसतेस? त्यावर ग्राफिक डिझाइन आपणहून गळालं आणि पाठोपाठ मेकॅनिकलही. उरलं ते असं: वस्तू उभी कशी राहते आणि माणसं तिच्याभोवती कशी वावरतात. हे एक वाक्य सापडल्यावर कोर्स शोधणं सोपं झालं.

असे मधले कोर्स इथे बरेच आहेत आणि आपल्याकडच्या पालकांना त्यांची नावं ठाऊक नसतात. यूसीएलला 'इंजिनिअरिंग अँड आर्किटेक्चरल डिझाइन' हा एमईंग (पदवी आणि मास्टर्स एकत्र) आहे. बाथला 'सिव्हिल अँड आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग' आहे. इम्पीरियलच्या डायसन स्कूलमध्ये डिझाइन इंजिनिअरिंग आहे. ग्लासगोमध्ये विद्यापीठ आणि ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट मिळून प्रॉडक्ट डिझाइन इंजिनिअरिंग शिकवतात. केंब्रिजने 2024 पासून 'डिझाइन' नावाचा कोर्स काढलाय, त्यात आर्किटेक्चर, इंजिनिअरिंग आणि मटेरियल सायन्स एकत्र आहे. पाचातले दोन-तीन जरी असे असले तरी स्टेटमेंटवरचा ताण निम्मा होतो, कारण तिथल्या वाचणाऱ्याला दोन्ही विषयांचं मिश्रणच हवं असतं. लेकीची शेवटची यादी अशी झाली: दोन आर्किटेक्चर, दोन आर्किटेक्चर-इंजिनिअरिंग मिश्र, एक डिझाइन इंजिनिअरिंग.

एक सावधगिरी. नावात 'आर्किटेक्चरल' असलं म्हणजे तो कोर्स करून आर्किटेक्ट होता येतं असं नाही. इथे 'आर्किटेक्ट' हे बिरुद कायद्याने राखीव आहे, एआरबीच्या (आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या) नोंदवहीत नाव असल्याशिवाय ते लावता येत नाही. तिथवरचा नेहमीचा रस्ता म्हणजे पार्ट वन, पार्ट टू, पार्ट थ्री हे तीन टप्पे आणि मधे ऑफिसमधला अनुभव. मिश्र कोर्सला पार्ट वनची मान्यता आहे की फक्त इंजिनिअरिंग संस्थांची, हे प्रत्येक कोर्सच्या पानावर तपासा आणि ओपन डेला (विद्यापीठ बघायला बोलावतात त्या दिवशी) तोंडी विचारा. आम्ही विचारलं तेव्हा एका ठिकाणच्या विद्यार्थी स्वयंसेवकालाही नक्की सांगता आलं नाही, प्राध्यापकांनी सांगितलं.

आता स्टेटमेंटच्या आतलं. पहिला खर्डा 'लहानपणापासून मला लेगो आवडायचे' छापाचा होता. तो आम्ही दोघींनी हसत हसत बाजूला टाकला. मग तिने मखर घेतलं.

आमचं छोटं मंडळ रेडिंगमध्ये एका भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवतं. हॉल फक्त उत्सवापुरता मिळतो, म्हणून मखर गाडीच्या डिकीत मावेल असं घडीचं हवं. ते काम काही वर्षांपासून लेकीकडे आहे. पातळ प्लायवूड, बिजागऱ्या आणि नालीदार प्लॅस्टिकचे पत्रे. पहिल्या वर्षी आरतीला सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि मखर त्या ठेक्यावर डुलायला लागलं. कोणी हसलं, कोणी पुढे होऊन खांब धरला. पुढच्या वर्षी तिने मागच्या बाजूला तिरक्या पट्ट्या टाकल्या, चौकटीचे त्रिकोण झाले आणि डुलणं थांबलं. पण मग नवीनच अडचण: पट्ट्यांमुळे मूर्ती मागून आत नेता येईना. समोरून न्यायची तर टेबल पुढे ओढावं लागलं, त्यामुळे दर्शनाची रांग दारात अडकायला लागली. शेवटी तिने अख्ख्या हॉलचा नकाशा काढून टेबल तिरकं लावलं, रांग एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर.

तिच्या स्टेटमेंटचा कणा हाच. बिजागरी आणि घडी हे डिझाइन, तिरकी पट्टी हे इंजिनिअरिंग, रांग हे आर्किटेक्चर. पण स्टेटमेंटमध्ये तिने ही तीन नावं कुठेच घेतली नाहीत. एक गोष्ट बदलली की दुसरी कशी हलते, एवढंच सांगितलं. वाचणारा आर्किटेक्चरचा असेल तर त्याला रांग दिसेल, इंजिनिअर असेल तर त्रिकोण दिसेल. मखराची ओळख अर्ध्या वाक्यात उरकली, कारण सणाचं वर्णन करण्यात अक्षरं घालवणं परवडत नाही. मला वाईट वाटलं, मोदकांचा उल्लेखसुद्धा गेला. पण ते बरोबरच होतं.

दुसरा आधार डरहॅमचा. तिथल्या ओपन डेला गेलो तेव्हा किंग्सगेट पूल पाहिला. इंजिनिअर ओव्ह अरूपने रचलेला, 1963 चा पादचारी पूल. त्याचे दोन अर्धे भाग नदीच्या दोन काठांवर, काठाला समांतर बांधले आणि मग फिरवून मधोमध जोडले. मधला सांधा ब्राँझचा आहे, तो वाकून बघताना लेकीने मागच्या लोकांची वाट अडवली. बांधायची पद्धत हीच त्याची रचना, हे तिने पहिल्या उत्तरात लिहिलं. आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंग दोन्हीकडे अरूपचं नाव सांगून चालतं, त्यामुळे मिश्र यादीला असा माणूस सोयीचा. मात्र नाव टाकून पुढे पळायचं नाही, स्वतः काय पाहिलं ते लिहायचं.

दुसऱ्या प्रश्नात ए-लेव्हल, म्हणजे इथल्या बारावीचे विषय. तिचे विषय मॅथ्स, फिजिक्स आणि आर्ट. हे त्रिकूट सोळाव्या वर्षी निवडलं म्हणूनच आज दोन्ही दारं उघडी आहेत, हे लहान मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावं. इंजिनिअरिंगला मॅथ्स लागतंच आणि बहुतेक ठिकाणी फिजिक्सही. आर्किटेक्चरला बहुतेक ठिकाणी आर्ट सक्तीचं नसलं तरी पोर्टफोलिओ (आपल्या चित्रांचा, कामांचा संग्रह) दाखवावा लागतो, आणि आर्टचा वर्ग नसेल तर तो घरी बसून उभा करावा लागतो. फिजिक्समधले मोमेंट (बलाचा वळवणारा परिणाम) आणि आर्टमधली छेदचित्रं एकाच परिच्छेदात आणायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पोर्टफोलिओबद्दल वेगळं सांगते, कारण मिश्र यादीचा खरा तोल तोच सांभाळतो. यूकॅसच्या अर्जाला एकही चित्र जोडता येत नाही. अर्ज गेल्यावर ज्या विद्यापीठांना हवं ते स्वतंत्रपणे पोर्टफोलिओ मागवतात, प्रत्येकाची पानांची मर्यादा वेगळी, सूचना वेगळ्या. म्हणजे आर्किटेक्चरवाल्यांना पटवायला दुसरी संधी मिळते आणि इंजिनिअरिंगवाल्यांना बहुधा स्टेटमेंट, मार्क आणि असलीच तर परीक्षा एवढ्यावरच निर्णय घ्यायचा असतो. म्हणून स्टेटमेंटचं पारडं आम्ही मुद्दाम थोडं इंजिनिअरिंगकडे झुकवलं आणि घर, माणसं, उजेड हे सगळं पोर्टफोलिओत गेलं. हॉलचा नकाशा तिथे पूर्ण पानभर आला, डुलणाऱ्या मखराच्या पेन्सिलच्या रेखाटनासकट. आमच्या अनुभवात सगळ्यात कामी आलेली युक्ती हीच.

शिफारसपत्राकडे लोक दुर्लक्ष करतात. तेही एकच असतं, म्हणून ते एकट्या आर्टच्या शिक्षकांच्या मतावर लिहिलं गेलं तर इंजिनिअरिंगची बाजू लंगडी पडते. लेकीने फिजिक्सच्या सरांना आणि आर्टच्या मॅडमना दोघांनाही आपली यादी आधीच देऊन ठेवली होती.

न आवडलेलं? स्टेटमेंटच्या चौकटीत ठळक, तिरपं काही चालत नाही, बाहेर लिहून आत चिकटवावं लागतं आणि दोन मोजणीयंत्रांत अक्षरांचा फरक पडला की शेवटच्या रात्री शब्द कापत बसावं लागतं. अर्ज पाठवल्यावर स्टेटमेंट बदलता येत नाही. कॉपीसाठी मजकूर तपासला जातो आणि तो एआयकडून लिहवून घेतलेला नाही अशी कबुलीही द्यावी लागते, म्हणजे पैसे घेऊन 'नमुना' विकणाऱ्यांपासून लांब राहा. आणि नकार येतो तेव्हा कारण कळत नाही. पाचातल्या एका ठिकाणाहून फक्त 'निर्णय: अयशस्वी' एवढंच आलं. स्टेटमेंट दोन दगडांवर उभं वाटलं, की पोर्टफोलिओ कमी पडला, की जागाच कमी होत्या, हे कधीच कळणार नाही.

एका आर्किटेक्चरच्या मुलाखतीत तिला सरळच विचारलं, इंजिनिअरिंग का नाही? म्हणजे वाचणाऱ्याला वास आला होता. तिने टेबल तिरकं लावल्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, त्रिकोणाचं उत्तर मला लगेच सापडलं, रांगेचं सापडायला दोन वर्षं लागली आणि तेच जास्त आवडलं. तिथून ऑफर आली.

पुण्यात माझ्या बहिणीचा मुलगा याच वर्षी नाटा, जेईईचा पेपर टू आणि यूसीड अशा आर्किटेक्चर-डिझाइनच्या सगळ्या प्रवेश परीक्षा देत होता, शिवाय सीईटी. प्रत्येक परीक्षेचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, तयारी वेगळी, पण तुला हे का शिकायचंय असं त्याला कुठल्याच फॉर्मने विचारलं नाही. फोनवर दोघं एकमेकांचा हेवा करत. त्याला वाटे हिचं एका निबंधावर भागलं. हिला वाटे त्याचं बरं, नुसते मार्क मिळवायचे. माझं मत विचाराल तर दिशा ठरलेल्या मुलाला त्याची पद्धत सोपी आणि न ठरलेल्याला ही. लिहिता लिहिता ठरतं.

पालकांसाठी एक बारीक गोष्ट. खातं मुलाच्या नावावर असतं, यूकॅस आपल्याशी बोलत नाही. अर्जात एका व्यक्तीला आपल्या वतीने बोलायची परवानगी देण्याची सोय आहे, ती भरून ठेवा. मूल सुट्टीत गावाला गेलं आणि मधेच काही अडलं तर उपयोग होतो.

ऑफर आल्यावर एक 'फर्म' (पहिली पसंती) आणि एक 'इन्शुरन्स' (मार्क कमी पडले तर राखीव) अशा दोनच ठेवता येतात, आणि दोन्ही एकाच विषयाच्या असाव्यात असा नियम नाही. लेकीने फर्म म्हणून मिश्र एमईंग ठेवलाय, त्याला मॅथ्समध्ये ए-स्टार, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी, लागते. इन्शुरन्सला आर्किटेक्चर, तिथली अट थोडी खाली आहे. म्हणजे ती काय शिकणार हे ऑगस्टमधला मॅथ्सचा निकाल ठरवणार. तिच्या बाबांना हे अजिबात पटलेलं नाही.