खांद्याला सोसेल असा बार: ठासणीच्या बंदुकीत नवख्याने काय भरावे?

माझ्या बायकोने पहिल्यांदा ठासणीची बंदूक खांद्याला लावली, तेव्हा रेंजवरच्या एका गृहस्थांनी आपुलकीने स्वतःची हलकी बंदूक तिच्या हाती दिली. आत दारूच्या ५० ग्रेनच्या (ग्रेन हे दारू-गोळीचे बारीक माप) तीन पेलेट, म्हणजे घट्ट वड्या, होत्या. एकूण १५० ग्रेनचा भरगच्च बार. तिने एकच बार काढला. संध्याकाळपर्यंत खांदा काळानिळा झाला. त्याहून वाईट म्हणजे पुढचे तीन आठवडे बारातली दारू कितीही कमी केली तरी चाप ओढताना तिचे डोळे मिटत आणि खांदा मागे सरे. अंग चोरायची ही सवय एका बारात लागते आणि मोडायला महिने जातात. म्हणून निवड पहिल्या बाराच्या आधीच करायला हवी.

कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्याने ठेवलेली ठासणीची बंदूक आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे, त्यामुळे हे लिखाण अमेरिकेत राहणाऱ्या, रीतसर प्रशिक्षण आणि लायसन्स घेऊन हरणाच्या मोसमात उतरणाऱ्यांसाठी आहे. आम्ही पेनसिल्व्हेनियात असतो. इथल्या जंगलात व्हाइटटेल हरीण बहुधा ७० यार्डांच्या आतच दिसते. पुढचा सगळा हिशेब या अंतरावर उभा आहे.

धक्का कशाने बसतो ते आधी पाहू. नळीतून गोळी बाहेर पडते, तशीच जळालेली दारूही पडते. दोघींचे वजन गुणिले वेग, एवढा जोर बंदूक मागे देते. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही घन कणांच्या रूपात उरतो आणि धुरासोबत फेकला जातो. त्यामुळे ‘थोडी दारू वाढवली तर काय बिघडते’ हे इथे चालत नाही, कारण वाढवलेल्या दारूचे स्वतःचे वजनही खांद्यावर येते. साडेसात पौंडांची ५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच नळीची, बंदूक धरून मी ढोबळ गणित मांडले. दारूच्या झोताचा वेग सेकंदाला २००० फूट मानला. आकडे एक-दोनने इकडेतिकडे होतील, क्रम बदलणार नाही.

१७७ ग्रेनची शिशाची गोल गोळी आणि ६० ग्रेन काळी दारू: धक्का साधारण ६ फूट-पौंड. २५० ग्रेनची सॅबो गोळी (प्लॅस्टिकच्या वाटीतली) आणि ७० ग्रेन सुटी पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू): ९ च्या आसपास. तीच गोळी, ५० च्या दोन पेलेट: १३. ३८५ ग्रेनची शिशाची कोनिकल (लांबट, टोकदार गोळी) आणि ८० ग्रेन दारू: १८. आणि २५० ची गोळी, तीन पेलेट: २०. हा शेवटचा आकडा ३०-०६ या शिकारीच्या ताकदवान रायफलीच्या पंगतीतला आहे. बायकोच्या हातात आली ती बंदूक साडेसात पौंडांहूनही हलकी होती. ७० यार्डांवरच्या हरणासाठी एवढे सोसण्याचे काहीच कारण नाही.

जड बार बाजूला ठेवले की खरी तुलना गोल गोळी आणि हलकी सॅबो यांच्यात उरते. इथे पसंतीपेक्षा नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा वळसा, जास्त बोलतो.

गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, ६० ते ६६ इंचांत एक फेरा. आजच्या बहुतेक इनलाइन (पेटवणी नळीच्या सरळ मागे असलेल्या आधुनिक) बंदुकांत २८ इंचांत एक फेरा असतो. अशा नळीत कापडी पॅचमध्ये गुंडाळलेली गोल गोळी ४०-५० ग्रेनपर्यंत बरी जाते, बार शिकारीचा झाला की विखुरते. उलट सावकाश पिळाच्या जुन्या धाटणीच्या बंदुकीत सॅबो नीट फिरत नाही. थॉम्पसन सेंटरच्या हॉकेनसारख्या बंदुकांत ४८ इंचांत एक फेरा असतो, त्या दोन्ही चालवून घेतात. तेव्हा दुकानात गोळ्या विचारण्याआधी नळीवर काय कोरले आहे ते वाचा.

गोल गोळीचा गुण तिच्या धक्क्यात आहे. तो ढकलल्यासारखा लागतो, खाडकन बसत नाही. मऊ शिसे हरणाच्या फुप्फुसांत आपले काम करते. तिची मर्यादा अंतरात आहे. हवा कापायला तिचा आकार वाईट, त्यामुळे वेग झपाट्याने उतरतो. ६०-७० ग्रेनच्या बारावर मी नवख्याला ५० यार्डांची सीमा घालेन, हरणाची बाजू पूर्ण दिसत असेल तरच. ७५ यार्डांवर कोणी मारले असेलही, पण पहिल्या मोसमात तो मोह नको.

सॅबो म्हणजे प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेली बारीक गोळी. ५० कॅलिबरच्या नळीत ४४ किंवा ४५ ची पिस्तुलाच्या जातीची गोळी बसते, उदाहरणार्थ हॉर्नडीची २४० ग्रेनची एक्सटीपी. हलक्या बारासाठी हीच जात मला योग्य वाटते, कारण ती कमी वेगातही उमलेल अशी घडवलेली असते. १५० ग्रेनच्या बारासाठी बनवलेली कठीण गोळी सावकाश गेली तर न उमलताच आरपार निघते. ६०-७० ग्रेन सुट्या दारूवर अशी सॅबो १०० यार्डांपर्यंत भरवशाची राहते. धक्का गोल गोळीपेक्षा थोडा जास्त आणि दोन पेलेटपेक्षा बराच कमी.

तुमची बंदूक इनलाइन असेल आणि राज्य परवानगी देत असेल, तर माझे मत सॅबोच्या बाजूने आहे. परवानगीचे मात्र खरोखर बघा. कोलोरॅडोच्या ठासणीच्या मोसमात सॅबोही चालत नाही आणि पेलेटही. तिथे गोल गोळी किंवा कोनिकल एवढेच उरते. कोनिकलच घ्यावी लागली तर नियमात बसणारी सर्वांत हलकी घ्या.

पेलेट की सुटी दारू, यात मला शंका नाही. नवख्याला सुटीच द्यावी. पेलेटची सोय खरी आहे, थंडीने बोटे बधिर झाल्यावर ती फार जाणवते. पण पेलेट ५० च्या पटीत उडी मारते. एक कमी पडते, दोन जड जातात. ३० ग्रेनच्या पेलेट मिळाल्या तर दोन टाकून ६० होतात, तेवढा मधला मार्ग आहे. सुट्या दारूत मात्र ५० पासून सुरुवात करून पाच-पाच ग्रेनने वर जाता येते आणि खांदा कुरकुरू लागला की थांबता येते.

मापाची सावधगिरी इथेच सांगतो. दारूचे हे ‘ग्रेन’ आकारमानाचे आहेत, तराजूचे नाहीत; गोळीचे मात्र वजनाचे. पायरोडेक्स काळ्या दारूच्याच मापाने भरतात, वजनाने नाही. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू जास्त तेज आहे, ती १५ टक्के कमी घ्यायची. आधुनिक बिनधुराची दारू या बंदुकीत चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते. भांड्यातून थेट नळीत ओतायचे नाही, आधी मापात काढायचे. गोळी दारूवर घट्ट टेकेपर्यंत गज दाबायचा आणि टेकल्यावर गजावर खूण करून ठेवायची. पुढच्या वेळी तेवढ्याच बाराला खूण वर राहिली तर मध्ये पोकळी असू शकते, तो बार उडवायचा नाही.

पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरच्या ठासणीच्या मोसमात फक्त चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, बंदूक चालते. हा मोसम १९७४ पासून आहे. इथे धक्क्याच्या जोडीला दुसरी भीती येते: गालाच्या अगदी पुढे रंजक, म्हणजे नळीशेजारच्या पॅनमधली पेटवणीची दारू, भडकते आणि क्षणभराने बार होतो. तेवढ्या वेळात माणूस दचकतो आणि नेम हलतो. बार कितीही हलका केला तरी ही दचक जात नाही. आम्ही नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, सुरक्षित दिशेला, पॅनमध्ये नुसती रंजक टाकून सराव केला. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे आणि वर कान झाकणारे मफ. आवाज दबला की निम्मा धक्का गेल्यासारखा वाटतो, हे तिनेच मला सांगितले. ऑक्टोबरातल्या बिनशिंगी हरणांच्या ठासणी मोसमात इनलाइन चालते, म्हणून पहिले वर्ष तिथून सुरू करणे मला सोपे वाटते.

दस्त्याकडेही बघा. जुन्या धाटणीच्या बंदुकीला चंद्रकोरीसारखी पितळी पट्टी असते. ती खांद्याच्या खळगीत लावली तर दोन्ही टोके रुततात. ती दंडाच्या वरच्या भागावर, खांद्याच्या किंचित बाहेर टेकवायची असते. रुंद रबरी गादीची, आठ-साडेआठ पौंडांची बंदूक हलका बार आणखी मऊ करते. दस्ता लांब पडत असेल तर कापून घ्या. बाकावर बसून मारताना शरीर मागे झुलत नाही आणि धक्का जास्त लागतो, म्हणून नेम जुळवण्याचे मोजके बार बाकावरून काढा आणि बाकीचा सराव उभ्याने. एका दिवशी दहाच्या वर नकोत.

आमच्या घरी शेवटी ठरले ते असे: ऑक्टोबरासाठी आठ पौंडांची इनलाइन, ६५ ग्रेन सुटी पायरोडेक्स, २४० ची सॅबो आणि ७५ यार्डांची सीमा. या बारावर तिचे डोळे उघडे राहतात. चकमकीच्या मोसमाचा विचार ती रंजकेला सरावल्यावर करू.