पार्ट की ग्लास: आधी कोणाला ऐकावं?

1976 हे साल या दोन्ही संगीतकारांचं. एस्टोनियात आर्वो पार्टनं ‘फ्युर अलीना’ ही काही मिनिटांची पियानो-रचना लिहिली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अविन्यों इथं अमेरिकेच्या फिलिप ग्लासचा, मध्यंतर नसलेला, जवळपास पाच तासांचा ऑपेरा रंगमंचावर आला.

पार्ट तिथवर पोचला तो मौनातून. 1968 मध्ये ‘क्रेडो’ या त्याच्या रचनेतल्या उघड ख्रिस्ती श्रद्धेमुळे सोव्हिएत अधिकारी खवळले. पुढची आठ वर्षं त्यानं फार थोडं लिहिलं आणि ग्रेगोरियन गायन (मध्ययुगीन चर्चमधलं एकाच सुरावटीचं गायन) अगदी मुळापासून अभ्यासलं. त्यातून त्याची ‘टिंटिनाब्युली’ पद्धत आली: एक आवाज पायरी-पायरीनं चालतो, दुसरा मूळ त्रिस्वरातच, म्हणजे एका जुळणीतल्या तीन स्वरांतच, घुमत राहतो. इतकंच. पण दोन स्वरांमधली शांतता मला दर वेळी नव्यानं गाठते. 1980 मध्ये त्याला देश सोडावा लागला.

ग्लास पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकला. तिथंच रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवताना लयीकडे बघण्याची त्याची नजर बदलली. छोटे आकृतिबंध जोडत, वाढवत नेणं हा त्याचा पाया. पोटासाठी त्यानं नळदुरुस्ती केली, टॅक्सी चालवली. चाळिशी उलटेपर्यंत हे चालू होतं. 1968 मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारला, हे मला त्याचं सर्वांत धाडसी पाऊल वाटतं.

दोघांना ‘मिनिमलिस्ट’ (मोजक्या स्वरांत, साध्या आकृतिबंधांत रचना करणारे) म्हणून एकाच खणात टाकतात, ते मला पटत नाही. ग्लास वाहतो, पार्ट थांबतो. नवख्यानं पार्टपासून सुरुवात करावी, तीही रात्री, दिवा मालवून.