कुंडीतली चिलटं: माती वाळवायची, निंबोळी घालायची की बीटीआय?

पाणी घालताना कुंडीतून उडणारी बारीक काळी चिलटं नुसती त्रासदायक असतात. खरं नुकसान त्यांच्या अळ्या करतात. पारदर्शक अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या अळ्या मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत बुरशी खातात आणि संख्या वाढली की कोवळी मुळंही कुरतडतात. शंका असेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून खाली अळ्या जमल्यात का पाहा. टुणटुण उड्या मारणारे पांढुरके कण दिसले तर ते स्प्रिंगटेल, मातीतले निरुपद्रवी जीव, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट असेल तर आधी माती वाळवा. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. द्यायचं तेव्हा कुंडी अर्धा तास पाण्याच्या थाळीत ठेवा, उरलेलं पाणी ओतून टाका. खर्च शून्य. पण मिश्रणात कोकोपीट जास्त असेल तर वरून सुकं दिसतं आणि आत ओल राहते, म्हणून बोट घालूनच ठरवा. भर पावसाळ्यात मात्र हा उपाय लंगडा पडतो.

नेचे, कॅलेथिया, नुकती उगवलेली रोपं कोरडं सोसत नाहीत. तिथे बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस. हा जिवाणू अळीच्या पोटात गेला तरच मारतो, त्यामुळे लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून वरचा थर पूर्ण भिजवा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. उडणाऱ्या चिलटांवर तो चालत नाही, म्हणून पहिले आठ-दहा दिवस फरक दिसत नाही आणि लोक नेमके तिथेच सोडून देतात. दुकानात नुसतं ‘बीटी’ मागू नका. कुर्स्टाकी जातीचं मिळालं तर ते पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठी असतं. लेबलवर ‘इस्राएलेन्सिस’ हवं.

निंबोळी तेल हा मधला पर्याय: एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली तेल आणि थोडा पातळ साबण. काम हळू होतं आणि बंद फ्लॅटमध्ये वास दोन दिवस राहतो. निंबोळी पेंड वर भुरभुरवू नका. ओली झाली की तिच्यावर बुरशी धरते, म्हणजे अळ्यांना जेवण वाढल्यासारखंच. ती मातीत मिसळायची.

हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी नाइलाज झाला तरच. 3 टक्क्यांचं असेल तर एक भागाला चार भाग पाणी. औषधाच्या दुकानात बरेचदा 6 टक्क्यांची बाटली मिळते, तिला नऊ भाग. फेस येतो, समोरच्या अळ्या मरतात, परिणाम तिथेच संपतो. मातीतले उपयोगी जीवही भरडले जातात. बीटीआयच्या आठवड्यात हे नकोच.

हळद-दालचिनीने फार काही साधत नाही.

पिवळा चिकट सापळा मात्र कोणत्याही उपायासोबत लावा, मातीलगत आडवा. त्याने फक्त उडणारी चिलटं अडकतात, पण दर आठवड्याला मोजता येतं. अंड्यापासून चिलटापर्यंत तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे सापळा सलग दोन आठवडे रिकामा राहिल्याशिवाय उपाय थांबवू नका.