सेनहायझर एमकेएच ४१६ : बूम धरणाऱ्याच्या बाजूने

मी कोल्हापुरात साउंड असिस्टंटचं काम करतो. बूम (लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक) धरायचा, कलाकारांना लेपल (कपड्यावर लावायचे छोटे माइक) लावायचे, बॅटऱ्या बघायच्या, साउंड रिपोर्ट लिहायचा आणि शॉटच्या आधी पळत जाऊन पंखा, फ्रिज, बोअरची मोटर बंद करून यायचं. रेकॉर्डिस्ट मशीनपाशी असतो, कलाकाराच्या तोंडाजवळ माइक नेणारा हात आमचा. म्हणून सेनहायझरच्या एमकेएच ४१६ या लांब नळीच्या माइकबद्दल आमच्या बाजूने लिहितोय.

पहिलं कौतुक आपल्या पावसाचं नाव घेऊनच करावं लागेल. पन्हाळ्यावर किंवा गगनबावड्याला जुलैत शूटिंग लागलं की हवाच ओली असते. साध्या कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागात, दमट हवेने विजेची गळती होते आणि मग हेडफोनमध्ये चरचर सुरू. ४१६ ची कॅप्सूल उच्च वारंवारतेच्या सर्किटवर चालते, त्यामुळे ओलाव्याचा त्रास तिला फार कमी. धुक्यात दिवसभर बूमवर राहूनही हा माइक स्वच्छ बोलतो. अर्थात थेट पाऊस वेगळा. फरवर (वारा अडवणाऱ्या केसाळ कव्हरवर) पडणाऱ्या थेंबाची टपटप येतेच, वर पावसाचं कव्हर हवंच.

वजन साधारण १६५ ग्रॅम, लांबी २५ सेंटिमीटर. कागदावर हलका वाटतो. लांब काठीच्या टोकाला ब्लिंपसकट (वाऱ्यापासून जपणाऱ्या पोकळ कवचासकट) लावला आणि चार मिनिटांचा टेक चालला की खांदे भरून येतात. पण तक्रार नाही, कारण त्याचं फळ मिळतं. एका सीनमध्ये इरकल नेसलेल्या आईचं हळू आवाजातलं बोलणं होतं. पदर हलला की लेपलवर खसखस, त्यात गळ्यातली ठुशी. रेकॉर्डिस्टदादांनी लेपल बंद केला आणि म्हणाले, "बूमवरच घेऊ, फ्रेमच्या कडेपर्यंत खाली ये." कॅमेऱ्यावरच्या दादांना लेन्स विचारली, सावली कुठे पडते ते बघितलं, संवाद आधीच पाठ होते. बाईंचा श्वाससुद्धा आला. नंतर डबिंगची गरज पडली नाही.

हा माइक नेमका आहे. दोन माणसं बोलत असतील तर वाक्य संपायच्या आत दुसऱ्याकडे वळायला लागतं, नाहीतर आवाज लगेच बोथट होतो. संवाद पाठ नसलेल्या असिस्टंटच्या हातात तो देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

आता उणीव. बाजूचा आवाज तो कापतो, पण खर्जातला नाही. गुऱ्हाळावर शूट करताना घाण्याची गुरगुर माइक कुठेही वळवला तरी आत शिरते. तिथे गुळव्यामामांशी गोड बोलणं हाच उपाय. घाणा थोडा वेळ थांबवता येतो, काहिलीखालचं चुलवाण नाही, म्हणून संवाद पटापट उरकायचे आणि गुऱ्हाळाचा आवाज नंतर वेगळा घ्यायचा. दुसरं म्हणजे फरशीच्या, पत्र्याच्या किंवा बुटक्या छताच्या खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज याच्या नळीत विचित्र रंगतो. अशा खोलीत एमकेएच ५० सारखा आखूड माइक मागवा. मोरेवाडीला चित्रनगरीत काम असलं तरी आतल्या सीनसाठी मी तेच सुचवतो.

१९३२ साली मराठीतला पहिला बोलपट 'प्रभात'ने याच गावात केला. आवाजाची एवढी जुनी शिदोरी असलेल्या गावात अजूनही काही निर्माते "डबिंगला बघू" म्हणत साउंडचं बजेट आधी कापतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या माइकच्या भाड्याची कॅमेऱ्याच्या एका लेन्सच्या भाड्याशी तुलना करून बघा, मग बोलू.

नवीन शिकणाऱ्यांनी लगेच विकत घेऊ नये, आधी भाड्याने घेऊन हात बसवावा. घ्यायचाच तर अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. बाजारात नकली ४१६ भरपूर फिरतात आणि बाहेरून सहज ओळखू येत नाहीत. रेकॉर्डरवर ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधून माइकला मिळणारी वीज) चालू आहे ना, ते आधी बघा. आणि पावसातून आल्यावर माइक ओल्या फरमध्ये तसाच बॅगेत कोंबू नका. फर काढून वेगळी वाळत घाला, माइक कोरड्या कापडाने पुसा, मगच झोपा.