तीन ते सहा वर्षांचा लाकडी खेळसंच : काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

खोक्यावर ‘मेंदूचा संपूर्ण विकास’ असं ठसठशीत छापलेला हा लाकडी संच जळगाव-धुळ्याच्या खेळण्यांच्या दुकानांत हजार ते दीड हजाराला मिळतो. आत वीस ठोकळे, बारा मणी नि दोन दोऱ्या, आकारांची खाचपाटी, मोजायची मणीपाटी, चुंबकाची मासेमारी आणि चाळीस चित्रकार्डं. मेंदूचं नंतर बघू. बोटांसाठी संच चांगला आहे, भाषेसाठी मात्र अगदीच तोकडा.

पैसे वसूल होतात ते ठोकळ्यांवर. एक इंची घन, कडा घासलेल्या, रंग एकसारखा. मुलांचा विकास तपासताना डॉक्टरही याच मापाचे ठोकळे वापरतात. दोन वर्षांचं मूल साधारण सहाचा मनोरा रचतं, तीनचं नऊपर्यंत जातं आणि समोर करून दाखवला तर तीन ठोकळ्यांचा पूलही करतं. चारच्या आसपास नुसती रचाई मागे पडते, गोठा, विहीर, गाडी असं काहीतरी उभं राहतं. मनोरा कलला की आपला हात आपोआप पुढे जातो, तो आवरा. कोणता ठोकळा किती बाहेर आला की पडतो हेच तर मूल शोधत असतं. आणि गोधडीवर किंवा सतरंजीवर बसवू नका. मऊ जागेवर चौथा ठोकळा टिकत नाही, मूल वैतागून उठतं आणि आपण म्हणतो याचं लक्षच लागत नाही. फरशी द्या, नाहीतर पाट.

मण्यांमध्ये दोन खोड्या आहेत. दोरीचं टोक चार दिवसांत पिंजतं, म्हणून सुरुवातीलाच टोकाच्या तीन-चार सेंटिमीटरवर चिकटपट्टी घट्ट गुंडाळून घ्या. दुसऱ्या टोकाला पहिला मणी गाठ मारून बांधा, नाहीतर इकडून ओवलेलं तिकडून गळून जातं. दुसरी खोड जास्त गंभीर. मणी २५ मिमीचे आहेत. खेळण्यांच्या तपासणीत बारीक तुकडे ओळखायला जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिमी असतो. जे तिच्यात पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं असं धरतात. हे मणी मावतात. घरात धाकटं रांगतं असेल तर खेळ संपल्यावर बाराच्या बारा मोजून वर ठेवायचे.

खाचपाटी लाकडी म्हणून विकतात, पण ती लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाटीची आहे. पावसाळ्यात फुगते आणि त्रिकोण खाचेत रुतून बसतो. १२० नंबरचा पॉलिश पेपर तुकड्याच्या कडेला फिरवा, खाचेला नको. मग उघड्या झालेल्या कडेवर मेणबत्ती घासा, नाहीतर ती आणखी पाणी ओढते. मणीपाटी शंभर मण्यांची आहे, तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिल्या ओळीतले पाच पुरेत.

मासेमारी दुकानातच सोडा. चुंबक नुसते डिंकाने चिकटवलेत, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली कुठला डिंक धरतो? असे दोन चुंबक गिळले गेले तर ते पोटात आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं. खोक्यावर आयएसआय खूण आहे का तेही पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती बंधनकारक आहे, आणि तिच्याजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो.

आता कार्डं. ‘य यज्ञाचा’, ‘ऋ ऋषीचा’, मध्येच इग्लू आणि स्ट्रॉबेरी. ‘औ औताचा’ तेवढं आपलं, ते इथली पोरं लांबूनच ओळखतात. केळीचा घड नाही, कापसाचं बोंड नाही, दादर ज्वारीचं कणीस नाही, भरताचं हिरवं वांगंही नाही. त्याहून मोठी गोम खोक्यातल्या सूचनापत्रात आहे: मूल चुकीचा उच्चार करील तर लगेच सुधारा. डोळ्याच्या चित्राला मूल ‘डोया’ म्हणतं ते तोतरेपण नाही, इथल्या अहिराणी बोलीत ळचा य होतोच. घरातली आजी जसं बोलते तसंच मूल बोलत असेल तर ती बोली. घरात सगळे ‘काकी’ म्हणतात आणि मूल चार उलटल्यावरही ‘ताकी’ म्हणतं, तेव्हा जिल्हा रुग्णालयात दाखवावं. शहाद्याकडे, धडगावकडे घरात पावरी किंवा भिली असेल तरी हिशोब तोच. ‘हाई काय शे?’ (हे काय आहे?) असं विचारा, उत्तर घरच्या बोलीत येऊ द्या, मग पुढच्या वाक्यात प्रमाण शब्द सहज वापरा: ‘हो, डोळा. त्याचा डोळा किती मोठा!’ दुरुस्ती म्हणून नको, गप्पांत.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम मांडलं तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं होती. आपल्याकडे वर्गीकरणाला टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा, मक्याची बिट्टी चालते. चिंचोके, हरभरा, उडीद चारच्या आत नको, थेट नाकात जातात. पेरणीच्या पाकिटातलं रंगीत बियाणं तर मुळीच नको, त्यावर औषध असतं. घरात रचून ठेवलेल्या कापसाला खाज असते. पाचव्या वर्षी वाती वळायला द्यायच्या तर देवघरातला स्वच्छ कापूस घ्या, चिमटीला त्याच्याइतका व्यायाम या संचात कशातच नाही. केळीचं पान फाडायला, विणायला उत्तम, पण चिकाचा डाग निघत नाही, जुना सदरा घालूनच बसवा.

कार्डांची मागची बाजू कोरी आहे आणि पुठ्ठा जाड आहे. तिथे मोबाइलवर काढलेले घरातले, गोठ्यातले, वावरातले फोटो छापून चिकटवा. एका वेळी सहाच कार्डं बाहेर काढा, आठवड्याने दोन बदला.